रोज चालते, तरी काटा हलत का नाही?

वजन उतरवायला व्यायाम महत्त्वाचा की आहार, हा वाद माझ्याकडे बहुतेक वेळा नवरा-बायकोच घेऊन येतात. हे जोडपंही तसंच. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) बाई बेचाळीस वर्षांच्या, नोकरी बैठी, वजन ७२ किलो. चार महिने रोज सकाळी पाऊण तास पुण्यातल्या तळजाई टेकडीवर भरभर चालत होत्या, वजन तसूभरही कमी नाही. थायरॉइड, साखर सगळं तपासून झालेलं. "हिचं चालणंच कमी पडतंय, जिम लाव म्हणतोय मी," इति यजमान.

"चालून झालं की काय करता?" मी विचारलं.

"काही नाही. ग्रूप आहे आमचा, चहा घेतो."

"नुसता चहा?"

त्या हसल्या. "पोहे असतात. कधी इडली-वडा. एवढं चालल्यावर भूक लागतेच ना, मॅडम!"

लागतेच. पण तेवढ्या चालण्यात त्यांच्या साधारण २०० कॅलरी खर्च होतात आणि शेव पेरलेले प्लेटभर पोहे नि गोड चहा त्याहून जास्त भरून देतात. बरं, नाश्ता सोडला तरी एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. नुसतं चालून ती उतरवायची तर महिना उलटून जातो. यजमान जरा गप्प झाले.

मग तेलाकडे वळले. "आम्ही तेलकट खात नाही" असं सगळेच सांगतात, म्हणून मी डबा किती दिवस पुरतो एवढंच विचारते. घरात माणसं चार, महिन्याला पाच लिटर. म्हणजे माणशी रोज ४० मिलीच्या वर, जवळपास साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या! फोडणी सासूबाईंच्या हातची, किटलीतून थेट कढईत. तिथे सुनेने काही बोलणं अवघड, हे मला कळत होतं. म्हणून महिन्याचं तीन लिटर तेल वेगळं काढायचं, त्यातच भागवायचं आणि हे आईला यजमानांनी सांगायचं, असं ठरलं. एवढ्याने माणशी रोज १३५ कॅलरी वाचतात. शिवाय जेवणात भात निम्मा, उसळ किंवा वरण दुप्पट. ग्रूपचा नाश्ता फक्त रविवारी.

"मग चालणं बंद केलं तर चालेल?" बाईंनी लगेच विचारलं.

अजिबात नाही. नुसतं खाणं कमी केलं की चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि उतरलेलं वजन टिकवताना व्यायामच उपयोगी पडतो. रक्तदाब, साखर, झोप यांना चालण्याचा फायदा होतो तो वेगळाच, मग काटा हलो न हलो. उलट मी त्यांना आठवड्यातून दोनदा खुर्चीवरून उठबस आणि भिंतीला टेकून जोर काढायला सांगितलं.

पुढच्या चार महिन्यांत पाच किलो उतरले. त्यांना दहा हवे होते, त्यामुळे थोड्या नाराजच होत्या. कंबर मात्र ९१ सेंटीमीटरवरून ८५ वर आली होती. आपल्याकडच्या बायकांसाठी मर्यादा ८०ची, म्हणजे काम अजून शिल्लक आहे. यजमानांच्या पोटाचा विषय मी मुद्दामच काढला नव्हता. घरातलं तेल कमी झाल्यावर त्यांचेही दोन किलो गेले, जिम न लावता.