विचारा वकीलबाईंना

प्रश्न: वकीलबाई, नमस्कार. माझा मुलगा तीन वर्षं कराडच्या कोर्टात एका ज्येष्ठ वकिलांकडे ज्युनिअर आहे. आता म्हणतो, सनद बाजूला ठेवतो आणि कोर्टातल्या थरारक कादंबऱ्या लिहितो. जॉन ग्रिशम नावाच्या अमेरिकन लेखकानं वकिली सोडली आणि तो कोट्यधीश झाला, असा दाखला देतो. हे खरं आहे का? — एक वडील, कराड

उत्तर: भाऊ, चिरंजीव सांगतात त्यातला शब्द न् शब्द खरा, फक्त क्रम सोयीचा लावलाय. शिकवलेला साक्षीदार असंच करतो.

ग्रिशम १९८१ साली मिसिसिपी विद्यापीठातून कायदा शिकून बाहेर पडला आणि त्याच राज्यातल्या साउथहेवन गावात वकिली करू लागला. वडील बांधकामावर काम करणारे, कापूस पिकवणारे. म्हणजे बसायला वडिलोपार्जित ऑफिस नव्हतं. दोन वर्षांनी तो राज्याच्या विधिमंडळातही निवडून गेला.

१९८४ मध्ये हर्नांडोच्या कोर्टात त्यानं अत्याचार झालेल्या एका लहान मुलीची साक्ष ऐकली. खटला त्याचा नव्हता, तो नुसता बसून ऐकत होता. त्याच्या मनात आलं, हिच्या बापानं त्या माणसाला गोळी घातली असती तर? सरकारी वकिलांच्या हाताखाली असताना अशी एक साक्ष मीही ऐकली आहे. त्या दिवशी डबा न उघडता घरी नेला होता. पण मी डबाच परत नेला, त्यानं कादंबरी लिहायला घेतली. फरक तिथेच पडला.

आता चिरंजीवांना मुद्दाम वाचून दाखवा. गजर पाचचा. साडेपाचला ऑफिसात, समोर कॉफी आणि आपण वकील वापरतो तसलं रेघांचं पॅड. रोज एक पान लिहायचं, हे आठवड्यातून पाच दिवस. मग दिवस उजाडला की अशील, तारखा, कोर्ट. अशी तीन वर्षं. वकिली सुरूच, आमदारकीही सुरूच!

१९८७ मध्ये ‘अ टाइम टु किल’ पुरी झाली आणि २८ ठिकाणांहून परत आली. शेवटी एका छोट्या प्रकाशकानं १९८९ साली ५,००० प्रती छापल्या. त्यातल्या १,००० ग्रिशमनंच विकत घेतल्या आणि गाडीच्या डिकीत घालून ग्रंथालयांत वगैरे नेऊन विकल्या. आपल्याकडच्या किती कवींच्या पलंगाखाली असे गठ्ठे आहेत, ते तुम्हाला ठाऊक असेलच.

मात्र पहिली कादंबरी संपली त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यानं दुसरी सुरू केली होती. तीच ‘द फर्म’: मेम्फिसच्या एका वकिली कंपनीत भरभक्कम पगारावर लागलेला तरुण आणि कंपनीमागे गुन्हेगारी टोळी. पुस्तकाला प्रकाशक मिळण्याआधीच चित्रपटाचे हक्क सहा लाख डॉलरला गेले. १९९१ मध्ये ते छापलं गेलं आणि ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या सर्वाधिक खपाच्या पुस्तकांच्या यादीत ४७ आठवडे राहिलं. वकिलीचं ऑफिस बंद झालं ते हक्क विकले गेल्यावर, आधी नव्हे. (मला विचाराल तर पहिली कादंबरीच सरस. दुसरीला वेग आहे, पण आठवड्याभरात माणसं विसरायला होतात.)

एक गोष्ट मला फार आवडते. १९९६ साली, जगभर नाव झाल्यावर, तो पुन्हा कोर्टात उभा राहिला. रेल्वेच्या दोन डब्यांत चिरडून मेलेल्या कामगाराच्या घरच्यांना त्यानं वकिली सोडण्याआधी शब्द दिला होता. ज्युरीनं ६,८३,५०० डॉलरची भरपाई दिली. त्याच्या वकिलीतला तो सर्वांत मोठा निकाल, आणि तो लेखक झाल्यावरचा.

तेव्हा भाऊ, मुलाला अडवू नका, पण सनदही बाजूला ठेवू देऊ नका. कोर्टात बसलाय म्हणूनच त्याच्याकडे लिहायला काही आहे. सध्या तो सकाळी किती वाजता उठतो, हे तुम्ही कळवलेलं नाही. ते कळवा, आणि लिहिलेली पहिली वीस पानं मला पाठवायला सांगा. त्यातले ‘सबब’ आणि ‘येणेप्रमाणे’ तेवढे आधी काढून टाकायला लावा.