डोळे कसे काढायचे?

प्रिय मुली,

ईशान्येतून दत्तक येऊन लातुरात वाढलेल्या मुलीचं, म्हणजे तुझंच, कॉमिक तू काढतेयस; त्याची पानं दोनदा वाचली. तू स्वतःचा चेहरा जिथं जिथं काढलायस तिथं खोडरबरानं कागद पातळ झालाय, आणि आई-बाबा मात्र एका दमात उतरलेत. म्हणून आधी तुझ्या डोळ्यांचंच बोलतो.

पहिल्या पानावर सगळ्यांना टिंबाचे डोळे आणि तुला तेवढ्या दोन तिरक्या रेघा. वर्गातली पोरं फळ्यावर तुझं चित्र काढून खाली 'चिंकी' लिहायची, तेव्हा त्यांनीही हेच केलं असणार. तिसऱ्या पानावर तू बिचकलीस आणि स्वतःलाही टिंबं देऊन टाकलीस. मग लोक तुझ्याकडं वळून का बघतायत, हेच वाचकाला कळेना. आता असं कर. आरशासमोर बस आणि पापणी कशी दुमडते ते वही भरेपर्यंत काढ. नंतर तेवढ्याच बारकाईनं बाबांचे खोल गेलेले डोळे काढ, मामीचे काजळ घातलेले काढ, गंजगोलाईतल्या दुकानदाराचे जाड भिंगाआडचे काढ. थट्टा करायची तर सगळ्यांच्याच चेहऱ्याची कर. एकट्या तुझ्या चेहऱ्याची झाली की ते पान पुन्हा त्या फळ्यावर जाऊन बसतं.

दुकानदाराचं पान मला फार आवडलं. तू म्हणतेस, "काका, लसूण काय भाव लावूलालाव?" तो म्हणतो, "कितना होना?" तू पुन्हा अस्सल लातुरीत, तो पुन्हा हिंदीत. आणि शेवटी तुला ओलांडून आईला विचारतो, "ताई, ह्यांना मराठी येतं का?" इथंच थांबायचं होतं. त्याखाली 'मीही मराठीच आहे' ही चौकट कशाला घातलीस? वाचक हसलाय, म्हणजे त्याला कळलंय. ती काढून टाक.

हा विनोद शिकायला तुला लांब जायला नको, पैठण आपल्याच मुलखात आहे. नाथांच्या भारुडात आधी विंचू चावतो, चावलेला बोंबलतो, गर्दी हसते. मग कळतं की विंचू म्हणजे काम-क्रोध, आणि हसणाऱ्यालाही तो कधीच चावलेला आहे. दुकानदाराला खलनायक करायची गरज नाही. वाचणाऱ्याला आपण असं कुणाशी हिंदीत बोललो होतो का, हे आठवलं की झालं.

२०२० चं पान मात्र फसलंय. मोटारसायकलवरचा पोरगा "ए कोरोना" ओरडतो आणि पुढच्या चौकटीत तू स्वतःच खोटं खोटं खोकतेस. हा त्यांचाच विनोद, तू फक्त पाठ करून म्हटलास. आधी स्वतःवर हसलं की मार कमी लागतो, हे कळतं मला. पण त्या पोराचा मास्क हनुवटीवर लोंबत होता असं तूच फोनवर सांगितलं होतंस! तोच काढ. मोठ्ठा काढ. शब्द एकही नको.

जुंग नावाचा एक चित्रकार आहे. १९६५ चा, सोलचा. कोरियन युद्धानंतरच्या दशकांत तिथून सुमारे २ लाख मुलं परदेशात दत्तक गेली, त्यातलाच हा. १९७१ मध्ये बेल्जियमच्या एका गोऱ्या घरात गेला. २००७ साली त्यानं आपल्या बालपणाचं कॉमिक काढलं आणि नाव दिलं ते दत्तकाच्या कागदांवरची एक नोंद उचलून: कातडीचा रंग, मध. कारकुनानं भरलेला रकाना त्यानं मुखपृष्ठावर मांडला. आपल्याकडं लग्नाच्या बायोडेटात 'वर्ण: गव्हाळ' लिहितात. तिथं मध, इथं गहू. घे हा रकाना, तुझाच आहे.

कागदांत असा माल पुष्कळ पडलाय. हिंदू दत्तक कायदा, १९५६, कलम १२ वाच. दत्तक गेलेल्याचं जन्माच्या घराशी नातं संपतं; पण त्या घरात राहिला असता तर ज्यांच्याशी लग्न करता आलं नसतं, त्यांच्याशी आताही करता येत नाही. आता ते घर कुठलं हे तुला माहीत नाही, मला नाही, मामीला तर नाहीच. मामी 'मुलीचं कूळ काय सांगायचं' म्हणून झुरतेय. बघायला आलेल्या प्रत्येक पोराला तू पोह्यांची बशी पुढं करत विचारतेस, "तुम्ही माझे कुणी लागत तर नाही ना?" सहा चौकटींचं पान तयार.

शेवटचं पान फाड. पाऊस, पायऱ्या, गाठोडं, पदरानं तोंड झाकलेली बाई. हे सिनेमातून आलंय. तुझ्या फाइलीत आहे वजन, लशीचे शिक्के आणि जन्मतारखेपुढं कंसात 'अंदाजे'. मग वाढदिवस काढ, केकवरही 'अंदाजे' लिहिलेलं. जिनं जन्म दिला तिच्याबद्दल आपल्याला जेवढं ठाऊक आहे तेवढंच कागदावर येऊ दे, म्हणजे जवळजवळ कोरं पान. अठरा पूर्ण झाल्यामुळं मुळांचा शोध घ्यायचा अर्ज तू स्वतः करू शकतेस. मात्र जन्मदात्यांची ओळख गुप्त राहण्याचा हक्कही नियमांनी राखलाय. करायचा तर कर, पण कॉमिकला शेवट हवा म्हणून नको. आणि तू होतीस त्या शिशुगृहातल्या दुसऱ्या मुलांची नावं-चेहरे अजिबात नकोत. कायद्यानं मनाई आहेच, नसती तरी मी हेच म्हणालो असतो.

आईच्या डोक्यामागं ते तेजोवलय काय काढलंस? बाबांची बँकेतून गुवाहाटीला बदली झाली नसती, तर तू त्यांच्या घरात आली नसतीस, असं तीच हसत सांगते ना? "केवढं पुण्याचं काम केलंत" म्हणणाऱ्या बायकांसमोर तिचे ओठ कसे आवळले जातात ते मी तुमच्या ओसरीवर बसून पाहिलंय. ते ओठ काढ.

येळवशीचं, म्हणजे आपल्याकडच्या वेळ अमावास्येच्या सणाचं, पान अजून कच्चं आहे, आणि संग्रहातलं सगळ्यात चांगलं होणार आहे तेच. शेतात कडब्याची कोप, पानावर भज्जी, मडक्यातली आंबिल, सगळं गणगोत जमलेलं. म्हातारी चुलत आजी तुला बांधावरून येताना बघते आणि ठासून सांगते, "चालणं बघा, आक्शी हिच्या आज्जीवर गेलंय." कुणी तरी खाकरतं. कुणी तरी आंबिलीत तोंड घालतं. तू इथं आजीला वेडगळ दाखवलीस, ती तर एकटीच नीट बघतेय! दुडूदुडू चालायला लागल्यापासून तू त्या आज्जीचं बोट धरून त्याच बांधावरून फिरलीयेस, मग पाय दुसऱ्या कुणासारखे पडतील? दोघींची चाल एकाखाली एक काढ, पाठमोरी. तुझ्या आज्जीचा डावा पाय किंचित फाकतो, तो विसरू नकोस.

हे पान झालं की आधी आई-बाबांना दाखव, मग मला पाठव. त्यांनी एखादी चौकट नको म्हटलं तर भांड त्यांच्याशी, पण विचारल्याशिवाय छापायला देऊ नकोस. मामीची परवानगी मात्र मागत बसू नकोस. ती काही द्यायची नाही, आणि पुस्तक आल्यावर गावभर वाटणारीही तीच असेल.

तुझे,
सर