ग्रीक बेटांची क्रूझ: चार रात्रींचं लहान जहाज घ्यावं की सात रात्रींचं मोठं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पुण्याहून तुम्ही दोघं आणि सत्तरी ओलांडलेले आई-बाबा. बाबांचे गुडघे दुखतात, चौघंही शाकाहारी, आणि हातात दोन कोटेशनं. एक अथेन्सहून निघणारं सेलेस्टियल या क्रूझ कंपनीचं चार रात्रींचं, दुसरं ‘व्हेनिसहून’ निघणारं एमएससी या दुसऱ्या कंपनीचं सात रात्रींचं. पैशांत फरक फारसा नाही, मग सात रात्री का घेऊ नयेत, असं तुम्ही विचारलंय.

मी दोन्ही तऱ्हेच्या सफरी केल्यात. एकदा नवरा आणि सासूबाईंबरोबर लहान जहाजावर, एकदा बहिणीबरोबर चार-पाच हजार माणसांच्या जहाजावर. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण पुढे थोडी कुरकुर आहे आणि ती माझ्यापुरतीच. पण एक सांगते, आम्ही दोन्ही वेळा चुकीच्या गोष्टीवर डोकं खपवलं. केबिनला बाल्कनी आहे का, पोहण्याचे तलाव किती, रात्रीचे शो कसले. बघायला हवं होतं ते वेगळंच: प्रत्येक बंदरात जहाज किती तास थांबतं, आणि ते धक्क्याला लागतं की समुद्रात उभं राहून छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात. त्या छोट्या बोटीला टेंडर म्हणतात. एजंटला हा शब्द वापरूनच विचारा. ‘किनाऱ्यावर कसं जायचं’ असं विचारलंत तर ‘सगळी सोय असते’ एवढंच उत्तर मिळेल.

सँटोरिनीचं उदाहरण घेते, कारण तुमच्या दोन्ही कोटेशनांत ते आहे आणि तुमचा खरा पेच तिथेच आहे. हे बेट म्हणजे एका ज्वालामुखीची उरलेली कड. साधारण साडेतीन हजार वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला, मधला भाग खचला आणि तिथे समुद्र शिरला. कडा भिंतीसारखा सरळ पाण्यात उतरतो. मोठ्या क्रूझ जहाजांना लागायला धक्का नाही, म्हणून ती मधेच उभी राहतात. टेंडरमधून तुम्ही जुन्या बंदरावर उतरता आणि फिरा हे गाव तिथून दोनशे मीटरहून जास्त उंचावर असतं. वर जायला तीन वाटा: केबल कार, खेचर, नाहीतर जवळजवळ सहाशे पायऱ्या. आपली पर्वती १०३ पायऱ्यांची, म्हणजे बाबांना सहा पर्वत्या एका दमात, त्याही खेचरांच्या लिदीतून वाट काढत. पायऱ्या आणि खेचरं दोन्ही विसरा. उरली केबल कार. ती तीन मिनिटांत वर नेते, पण तिची रांग तीन मिनिटांची नसते.

आमच्या लहान जहाजाच्या कागदावर लिहिलं होतं, सँटोरिनी, दुपारी साडेचार ते रात्री साडेनऊ. पाच तास! प्रत्यक्षात टेंडरचा नंबर लागून, रांगेत उभं राहून वर पोचेपर्यंत सहा वाजत आले. ओइया, म्हणजे ज्या निळ्या घुमटांचे फोटो आपण कॅलेंडरवर बघतो ते गाव, फिरापासून अकरा-बारा किलोमीटरवर. गेलो, सूर्यास्त पाहिला, आणि लगेच उलट पावली, कारण सूर्य बुडाला की सगळी जहाजं एकाच वेळी खाली उतरायला बघतात. सासूबाई केबल कारच्या रांगेत तासभर उभ्या होत्या. बसायला कठडासुद्धा नव्हता.

यावर एक उपाय आहे, तो आम्हाला परत आल्यावर कळला. जहाजाचीच सहल घेतलीत तर टेंडर बहुतेक वेळा अथिनिओस या दुसऱ्या बंदरात सोडतं. तिथून बस थेट कड्यावर चढते. परतीला मात्र केबल कारच असते. एरवी मी जहाजाच्या सहली महाग म्हणून टाळते, पण बाबांसाठी सँटोरिनीला हे पैसे घाला. २०२५ पासून बेटावर दिवसाला आठ हजार क्रूझ प्रवाशांची मर्यादा आहे, त्यामुळे गर्दी पूर्वीपेक्षा आटोक्यात असायला हवी. पण आठ हजार माणसं आणि एक केबल कार, हा हिशोब तुम्हीच करा.

आता ऱ्होड्स बेट बघा. जहाज धक्क्याला लागतं, जिना उतरलं की समोर जुन्या शहराची तटबंदी. दहा-पंधरा मिनिटं सपाटीवर चालायचं की वेशीतून आत. जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे, सरदारांची गल्ली आहे, चौकात झाडाखाली बाकडी आहेत. सासूबाई दोन तास एका कारंज्याजवळ बसून येणारी-जाणारी माणसं बघत होत्या, आणि सबंध सहलीतला त्यांचा आवडता दिवस तोच. क्रीटमध्ये हेराक्लिऑनलाही धक्का आहे, नोसॉसचा प्राचीन राजवाडा तिथून पाच किलोमीटर. कॉर्फू, माल्टाचं व्हॅलेटा, तुर्कस्तानातलं कुशादासी इथेही जहाज धक्क्याला लागतं. पॅटमॉस बेटावर आम्हाला टेंडरनं नेलं, आणि तिथला प्रसिद्ध मठ टेकडीवर असल्यानं पुढे टॅक्सी करावी लागली. मिकोनॉस बेटाचं जहाजागणिक बदलतं, काही नव्या बंदरात लागतात, काही बाहेर थांबतात.

चार रात्रींच्या सफरींची खोड अशी की एका दिवसात दोन-दोन बंदरं उरकतात. सकाळी कुशादासी आणि जवळच्या एफेसस या प्राचीन शहराचे अवशेष, दुपारी जेवून झोप लागते न लागते तोच संध्याकाळी पॅटमॉस. दुसऱ्या दिवशी हेच, सकाळी क्रीट आणि संध्याकाळी सँटोरिनी. तिसऱ्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, “अगं, ही सहल आहे की दोन दिवसांतलं अष्टविनायक?” मात्र त्या जहाजाचा एक गुण मोठा होता: केबिनपासून बाहेर पडायला पाच मिनिटं, लिफ्टजवळ गर्दी नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून जेवणाच्या टेबलावरचा माणूस आमच्याकडे बघून स्वतःहून ‘नो एग’ म्हणायचा.

मग सात रात्री घ्याव्यात? थांबा. तुमच्या कोटेशनमधलं ‘व्हेनिस’ कुठलं ते विचारा. २०२१ च्या ऑगस्टपासून पंचवीस हजार टनांवरच्या जहाजांना शहरासमोरच्या कालव्यातून जायला बंदी आहे. त्यामुळे ‘व्हेनिस’ म्हणजे कधी मार्घेराचं औद्योगिक बंदर, कधी त्रिएस्ते, कधी रॅव्हेना निघतं, आणि शेवटची दोन्ही व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. शिवाय एड्रियाटिक समुद्र लांबलचक. तिथून ग्रीसपर्यंत जाण्यात आणि येण्यात बराच वेळ जातो, म्हणून सात रात्रींत खरी ग्रीक बेटं बहुधा दोन किंवा तीन. आमची दोन होती. दोन म्हणजे ठरलेली तीन, त्यातलं एक वाऱ्यानं खाल्लं.

वाऱ्याबद्दल सांगायलाच हवं. एजियन समुद्रावर उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो, जुलै-ऑगस्टमध्ये त्याचा जोर सर्वांत जास्त. आभाळ निरभ्र, ऊन लख्ख, आणि टेंडर सोडता येत नाही इतक्या लाटा. ऑगस्टमध्ये आमचं जहाज मिकोनॉससमोर तासभर घुटमळलं आणि पुढे निघून गेलं. परत मिळालं ते फक्त बंदराचं शुल्क, तेही जहाजावर खर्च करायच्या रकमेत. कंपन्यांच्या अटींत बंदर वगळायचा अधिकार कप्तानाला असतो, त्यामुळे भांडून उपयोग नाही. तुम्हाला मुलांच्या शाळेची अडचण नाही, तेव्हा मे किंवा ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरा. वारा कमी, ऊन सोसवतं, आणि थोडे पैसेही वाचतात: जुलै २०२५ पासून ग्रीसनं क्रूझ प्रवाशांवर जे शुल्क लावलंय ते सँटोरिनी आणि मिकोनॉसला जून ते सप्टेंबर माणशी वीस युरो आहे, तर एप्रिल, मे आणि ऑक्टोबरला बारा. बाकीच्या बंदरांना बरंच कमी.

व्हिसाचं नीट ऐका, कारण इथे घोटाळा झाला तर सगळंच फसतं. कुशादासी तुर्कस्तानात आहे, शेंगेनच्या, म्हणजे युरोपातले जे देश एकाच व्हिसावर फिरता येतात त्यांच्या, बाहेर. जहाज तिथे गेलं की तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून परत आत येता, म्हणून एकदाच प्रवेश देणारा व्हिसा चालत नाही. मल्टिपल एंट्रीच हवा, आणि अर्जाबरोबर जहाजाचा दिवसवार तक्ता जोडून तसं स्पष्ट लिहा. तुर्कस्तानसाठी वेगळं काय लागेल ते कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या ‘काही लागत नाही हो’ वर जाऊ नका. ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्याच्याकडे अर्ज. म्हणजे अथेन्सच्या सफरीला ग्रीस, आणि व्हेनिसच्या सफरीला आधी बोटांवर दिवस मोजावे लागतील. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, तेवढ्या लवकर करा.

खाण्याची चिंता तुम्ही बरीच केलीत, ती खरं तर सोपी बाजू आहे. बुकिंग करतानाच शाकाहारी असल्याचं लेखी कळवा, अंडं चालतं की नाही हेही, कारण त्यांच्या शाकाहारात अंडं येतं. किनाऱ्यावर उतरलात की एक शब्द उपयोगी पडतो: ‘निस्तीसिमो’. ऑर्थोडॉक्स लोकांच्या उपवासाचं जेवण. मांस नाही, दूध नाही, अंडं नाही. फक्त शिंपल्या-कोळंबी त्यांना उपवासाला चालते, तेवढं विचारून घ्या. (आपल्याकडे साबुदाण्यावर वाद, त्यांच्याकडे कोळंबीवर नाही!) सँटोरिनीला फावा मागवा. पिवळ्या डाळीचं घट्ट घोटलेलं, वर ऑलिव्ह तेल आणि कांदा. सासूबाईंनी पहिल्या घासाला जाहीर केलं की हे वरणच आहे, फक्त हिंगाशिवाय. तिथली टोमॅटोची भजीही खा. घरचा चिवडा-लाडू बंद पाकिटातला असला तर जहाजावर साधारण अडवत नाहीत. इलेक्ट्रिक किटली मात्र आगीच्या भीतीनं काढून घेतात, आमची घेतली आणि शेवटच्या दिवशी परत दिली.

कंपन्यांचं थोडक्यात. सेलेस्टियल ग्रीसचीच, जहाजं जुनी पण आटोपशीर, भर बंदरांवर. एमएससी आणि कोस्टा यांवर युरोपातली कुटुंबं, घोषणा चार-पाच भाषांत, आणि एकाच सफरीत वेगवेगळ्या बंदरांतून माणसं चढतात-उतरतात, त्यामुळे जहाजाला थोडी एसटी स्टँडची कळा येते. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी, नॉर्वेजियन यांवर कारभार इंग्रजीत, भाडं बहुधा चढं. स्टार क्लिपर्सची शिडाची जहाजं फोटोत बघून कुणीही प्रेमात पडेल, पण त्यांवर लिफ्ट नाही. तुमच्यासाठी बाद.

भाड्याची तुलना करताना टिप्स, बंदर शुल्क आणि वायफाय धरूनच करा. टिप्स वेगळ्या असतील तर माणशी रोज बारा ते वीस युरो होतात, चौघांचे सात दिवसांचे मांडून बघा. बाल्कनीवर पैसे घालू नका. रोज बंदर असलेल्या सफरीत बाल्कनी ओले कपडे वाळवायला लागते. त्यापेक्षा खिडकीची केबिन घ्या, जहाजाच्या मध्यावर, खालच्या मजल्यावर, लिफ्टपासून जवळ.

मी तुमच्या जागी असते तर दोन्ही कोटेशनं परत पाठवली असती. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून निघून तिथेच परतणारी, शक्यतो दिवसाला एकच बंदर असलेली सात रात्रींची सफर मागितली असती. सेलेस्टियलच्याही तशा असतात, मोठ्या कंपन्यांच्याही. ती बजेटात बसली नाही तर चार रात्रींचीच घ्या, पण रोजच्या दोनांपैकी एका बंदरात आई-बाबांना जहाजावर राहू द्या. रिकाम्या डेकवर चहा घेत बसायला त्यांना आवडेल, आमच्या सासूबाईंना पॅटमॉस न बघता आवडलं. वाचलेल्या तीन रात्रींपैकी एक अथेन्सला आधी काढा, कारण मुंबईचं विमान उशिरा आलं म्हणून जहाज थांबत नाही. विमानतळावरून मेट्रो आता थेट पिरेअसपर्यंत जाते. फक्त तुमचं जहाज पिरेअसहून आहे की लाव्रिओहून, ते तिकिटावर वाचा. लाव्रिओ पार दुसऱ्या टोकाला, साठेक किलोमीटरवर आहे.

उरलेल्या दोन रात्री सफर संपल्यावर सँटोरिनीला. अथेन्सहून विमानानं तासाभराच्या आत. विमानतळ बेटाच्या सपाट बाजूला आहे, गाडी थेट हॉटेलच्या गल्लीपर्यंत येते, केबल कारचं नावही काढावं लागत नाही. कड्यावरची हॉटेलं पायऱ्यांची असतात, म्हणून खोली घेताना किती पायऱ्या उतरायच्या ते आकड्यात विचारा. असं केलंत तर जहाजाच्या सँटोरिनीच्या संध्याकाळी चौघंही खुशाल वरच्या डेकवर बसून कडा बघा, खाली उतरूच नका. दोन दिवसांनी तुम्ही तिथेच राहायला येणार आहात.