स्कॅन झालं म्हणून रोल टाकू नका

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या जुन्या वृत्तपत्रांच्या मायक्रोफिल्म (पानांचे बारीक फोटो असलेले फिल्मचे रोल) स्कॅन करून झाल्या. त्या वाचायचं यंत्र, म्हणजे रीडर, बंद आहे, रोलनी कपाट अडलंय. कार्यकारिणी म्हणते, काढून टाका. काय करावं? — एक ग्रंथपाल, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : टाकू नका. कार्यकारिणीला माझ्या वतीनं हात जोडून सांगा.

स्कॅनमुळे वाचकांची मोठी सोय झाली, पण जतनाचं काम फिल्मच करते. हार्ड डिस्क काही वर्षांनी बदलावी लागते, फाइली नव्या जागी न्याव्या लागतात. त्यात एकदा हयगय झाली की संपलं. तयार करतानाच नीट धुतलेली, चांदीच्या थरात चित्र उमटलेली पॉलिस्टर (एक टिकाऊ प्लॅस्टिक) फिल्म थंड, कोरड्या जागी ५०० वर्षं टिकेल असं मानतात. जर्मनीनं तर १९७५ पासून ओबरीडच्या जुन्या खाणीत आपले दस्तऐवज फिल्मवर उतरवून पोलादी पिंपांत ठेवलेत.

आता प्रत्येक डबी उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबूस वास आला, तर ती ॲसिटेट (जुन्या प्रकारच्या प्लॅस्टिकची) फिल्म सडू लागलीय. हा वास मी पुष्कळ कपाटांत घेतलाय आणि दर वेळी जीव कळवळतो, कारण ती फिल्म पुन्हा सुधारत नाही. असे रोल लगेच वेगळे काढा. त्यातून सुटणारं आम्ल शेजारच्या रोलनाही बाधतं. त्यांची नक्कल सगळ्यांत आधी करून घ्या. वास नसलेला रोल बाजूनं उजेडासमोर धरा. पॉलिस्टर असेल तर उजेड आरपार दिसतो, ॲसिटेट असेल तर काळोख. रोलवर रबर बँड असतील तर काढा, त्यातलं गंधक चांदी खातं.

आपल्याकडचा पावसाळा खरा वैरी. फिल्मवरच्या जिलेटिनवर, म्हणजे चित्र धरून ठेवणाऱ्या थरावर, बुरशी धरते. आर्द्रता ५० टक्क्यांच्या आत हवी. जुलैत ते अवघड, म्हणून पॉलिस्टरचे रोल घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा आणि जेल वरचेवर बदला. कपाट तळमजल्यावर असेल तर वर हलवा. २०१९ आणि २०२१ चे पूर कोल्हापूरनं पाहिलेत. त्याच कारणानं स्कॅनची एक प्रत गावाबाहेर असू द्या.

आणखी एक काम तुमच्यासारख्या माणसालाच जमेल : स्कॅनमधली पानं फिल्मशी ताडून बघा. सुटलेलं पान, घडीत गेलेली ओळ फिल्म असेपर्यंतच पुन्हा मिळवता येईल. रीडरचा आधी बल्ब तपासा. तो दुरुस्त होईपर्यंत लाइट बॉक्स आणि चांगलं भिंग घेऊन मथळे, तारखा लावता येतात.