1950 सालचा सर्वोत्तम हॉलिवुडपट कोणता: ‘ऑल अबाउट ईव्ह’ की ‘सनसेट बुलेव्हार्ड’?

तुम्ही विचारलंय की 1950 सालच्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर ‘ऑल अबाउट ईव्ह’ला मिळालं ते योग्य झालं का, की ते ‘सनसेट बुलेव्हार्ड’ला मिळायला हवं होतं. शिवाय त्या सालातला एकच हॉलिवुडपट निवडायचा झाला तर कुठला, हेही.

या दोघांतच निवडायचं तर माझं मत ‘सनसेट बुलेव्हार्ड’ला. फरक थोडाच आहे. आणि ज्या कारणासाठी मी त्याला झुकतं माप देतो तेच कारण शेवटपर्यंत ताणलं, तर पहिला नंबर तिसऱ्याच एका चित्रपटाला द्यावा लागतो. त्याच्याकडे नंतर येतो.

जुन्या हॉलिवुडचं सोन्याचं वर्ष म्हटलं की सगळे 1939 कडे बोट दाखवतात. ते आहेच. पण 1939 मधलं हॉलिवुड स्वतःवर खूश होतं आणि 1950 मधलं धास्तावलेलं. 1948 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला आणि स्टुडिओंना स्वतःच्या मालकीची थिएटरं सोडावी लागणार हे नक्की झालं. घरोघरी टीव्ही येत होता. कम्युनिस्ट शोधून काढायला निघालेल्या संसदीय समितीला उत्तरं द्यायला नकार दिला म्हणून ‘हॉलिवुड टेन’ या दहा जणांच्या गटातले लेखक-दिग्दर्शक याच 1950 साली तुरुंगात गेले. अशा वेळी माणसं आरशात जरा जास्त बघतात. त्या वर्षीचे दोन बडे चित्रपट वय सरत चाललेल्या नटीवर निघाले, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.

‘ऑल अबाउट ईव्ह’ची बाजू आधी घेतो, कारण ती मजबूत आहे. लेखन-दिग्दर्शन दोन्ही जोसेफ मॅन्किविट्झचं. मेरी ऑर हिच्या 1946 सालच्या एका कथेवरून घेतलेला. ब्रॉडवेची, म्हणजे न्यूयॉर्कच्या बड्या रंगभूमीची, महानटी मार्गो चॅनिंग, तिच्या पायाशी येऊन बसलेली गरीब बिचारी चाहती ईव्ह, आणि ती चाहती हळूहळू बदली नटी होऊन मार्गोची जागा बळकावते त्याची गोष्ट. नाटकाच्या विंगेत ज्याने थोडाफार वेळ घालवलाय त्याला यातली प्रत्येक व्यक्ती ओळखीची वाटेल. मार्गोच्या भूमिकेसाठी आधी क्लॉडेट कोलबेर ठरली होती, तिच्या पाठीला दुखापत झाली आणि बेटी डेव्हिस आली. आज दुसरी कुणी डोळ्यांसमोर येतच नाही. डेव्हिस तेव्हा बेचाळीस वर्षांची, मार्गो चाळिशीची. घोगरा आवाज, हातातली सिगारेट, आणि समोरच्याला बोलून गार करण्याची ती लकब. जॉर्ज सँडर्सने केलेला नाट्यसमीक्षक अ‍ॅडिसन डविट तर इतका गोड विषारी आहे की पुढे प्रत्येक समीक्षकाच्या आवाजात तोच ऐकू येतो. चौदा नामांकनं मिळाली, तेव्हाचा विक्रम. 1997 च्या ‘टायटॅनिक’पर्यंत त्याची बरोबरीसुद्धा कुणी केली नाही. त्यातली सहा ऑस्कर पदरात पडली.

मग अडचण काय? एक तर हा चित्रपट डोळे मिटूनही जवळजवळ पूर्ण कळतो. संवाद इतके चोख आहेत की कॅमेऱ्याला फारसं काम उरत नाही. शेवटचा आरशांचा शॉट सोडला तर चित्र म्हणून लक्षात राहतील अशा जागा मोजक्याच. दुसरं, मार्गोची ड्रेसर बर्डी (थेल्मा रिटर, काय बाई होती!) ईव्हचं सोंग सगळ्यांच्या आधी ओळखते, आणि मग पटकथा तिला मधेच विसरून जाते. मला दर वेळी चुटपुट लागते. पण माझा मुख्य आक्षेप वेगळाच आहे. हॉलिवुडने ब्रॉडवेवाल्यांची उणीदुणी काढणं हे फार सोपं काम आहे. रंगभूमीवरची माणसं कशी मत्सरी, दिखाऊ, गळेकापू असतात हे ‘ईव्ह’ काढणारा फॉक्स स्टुडिओ पडद्यावर दाखवतो तेव्हा फॉक्सचं काहीच बिघडत नाही. सिनेमाला आणि टीव्हीला चिमटे आहेत, पण ते चिमटेच.

‘सनसेट बुलेव्हार्ड’ मात्र स्वतःच्याच घराच्या दारात उभं राहून बोलतो. बिली वाइल्डरने तो पॅरामाउंटमध्ये केला, आणि पडद्यावरही पॅरामाउंटचं नाव पॅरामाउंटच आहे, फाटकही तेच. काय चाललंय ते बाहेर कळू नये म्हणून चित्रीकरणाच्या काळात चित्रपटाला ‘अ कॅन ऑफ बीन्स’ असं भलतंच नाव दिलं होतं. मूकपटांच्या काळातली विसरली गेलेली तारका नॉर्मा डेसमंड, तिच्या पडक्या महालात येऊन अडकलेला कर्जबाजारी पटकथालेखक जो, आणि तिचा बटलर मॅक्स. नॉर्मा झाली ग्लोरिया स्वॉन्सन, जी खरोखरच मूकपटांची सम्राज्ञी होती. मॅक्स झाला एरिक फॉन श्ट्रोहाइम, जो खरोखरच त्या काळचा मोठा दिग्दर्शक होता. या दोघांनी 1928-29 मध्ये ‘क्वीन केली’ नावाचा चित्रपट सुरू केला होता. तो पूर्ण झाला नाही, स्वॉन्सननेच श्ट्रोहाइमला काढून टाकलं. आता ‘सनसेट’मधला तो प्रसंग बघा: नॉर्मा रात्री जोला आपला जुना चित्रपट दाखवते. पडद्यावर दिसतात ती ‘क्वीन केली’चीच दृश्यं, आणि प्रोजेक्टर चालवतोय मॅक्स! ज्या चित्रपटातून हाकललं त्याचीच रिळं तो माणूस हाकलणारीच्या दिवाणखान्यात फिरवतोय. असं काही लिहून सुचत नाही. ते सुचायला वाइल्डरसारखा निर्दय विनोदबुद्धीचा माणूस लागतो. नॉर्माकडे पत्ते खेळायला येणाऱ्या जुन्या मंडळींत बस्टर कीटनही बसलेला आहे, बस्टर कीटन म्हणूनच.

पण माझ्या मते सगळ्यात मोठा प्रसंग स्टुडिओतला. नॉर्माला वाटतं की बडा दिग्दर्शक सेसिल बी. डेमिलला आपली पटकथा आवडली, म्हणून पॅरामाउंटमधून फोन येताहेत. ती नटूनथटून ‘सॅमसन अँड डिलायला’च्या सेटवर जाते. डेमिलचं काम खुद्द डेमिलनेच केलंय, आणि स्वॉन्सनने त्याच्याबरोबर तरुणपणी सहा चित्रपट केले होते. तो तिला खुर्चीत बसवून फोन करायला जातो. तेवढ्यात माइक लोंबकळत येतो आणि तिच्या टोपीवरच्या पिसाला घासतो. ती तो तुच्छतेने बाजूला सारते. बोलपटाने तिचं काय केलं हे सांगायला वाइल्डरला तेवढा एक हात पुरतो. मग वरचा जुना लाइटवाला तिला ओळखतो, दिवा तिच्यावर वळवतो, आणि सेटवरची म्हातारी माणसं गोळा होतात. डेमिल परत येतो आणि दिवा पुन्हा मूळ जागी वळवायला सांगतो. स्टुडिओला ती नको असते हो, तिची जुनी गाडी भाड्याने हवी असते. हा प्रसंग डोळे मिटून बघता येत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तांत्रिक बाजूचं थोडक्यात: छायाचित्रकार जॉन साइट्झने त्या घराचा कोंदटपणा दाखवायला कॅमेऱ्यासमोर धूळ उडवली. पोहण्याच्या तलावात तरंगणारं प्रेत खालून दिसतं ते तळाशी आरसा ठेवून. आणि मुळात सुरुवात शवागारातली होती, तिथली प्रेतं आपापसात गप्पा मारत होती. चाचणी खेळाला लोक हसले म्हणून वाइल्डरने ती कापून टाकली. खाजगी खेळानंतर एमजीएम स्टुडिओचा प्रमुख लुई बी. मेयर वाइल्डरवर भडकला, ज्या धंद्याने पोसलं त्यालाच काळं फासलंस म्हणून. मेयरला त्या वर्षी जॉन ह्यूस्टनचा ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ही आवडला नव्हता, जो त्याच्याच कंपनीचा होता. त्याची नावड ही 1950 पुरती उत्तम शिफारस समजायला हरकत नाही.

‘सनसेट’ निर्दोष आहे असं नाही. जो आणि स्टुडिओत पटकथा वाचणारी तरुण बेटी (नॅन्सी ओल्सन) यांचं प्रेमप्रकरण सुरू झालं की चित्रपट ढिला पडतो. ओल्सनचा दोष नाही, ते लिहिलंयच कर्तव्य म्हणून. आणि जोचं निवेदन कधीकधी जे समोर दिसतंय तेच पुन्हा सांगतं. अभिनयाच्या चारही विभागांत नामांकन मिळून एकही ऑस्कर मिळालं नाही. अकरापैकी तीन मिळाली: कथा-पटकथा, कलादिग्दर्शन आणि फ्रान्झ वॅक्समनचं संगीत.

माझ्या ‘स्वतःच्या घरावर बोलणं’ या निकषाला एक चांगलीच चपराक आहे, ती लपवत नाही. ऑक्टोबर 1950 मध्ये, ‘ईव्ह’ न्यूयॉर्कमध्ये झळकला त्याच महिन्यात, मॅन्किविट्झ दिग्दर्शकांच्या संघटनेचा अध्यक्ष होता. प्रत्येक सभासदाने कम्युनिस्ट नसल्याचं शपथपत्र सक्तीने द्यावं, असा आग्रह धरणाऱ्या गटाने त्याला पदावरून काढायचा घाट घातला. त्या गटाचा म्होरक्या कोण? तोच डेमिल, ‘सनसेट’मध्ये इतका प्रेमळ आजोबा दिसणारा. 22 ऑक्टोबरला बेव्हर्ली हिल्स हॉटेलात रात्री उशिरापर्यंत सभा चालली, दिग्दर्शक जॉन फोर्ड डेमिलच्या तोंडावर त्याच्या विरोधात बोलला, आणि शेवटी डेमिलसकट सगळ्या कार्यकारिणीला राजीनामा द्यावा लागला. मॅन्किविट्झने नंतर सभासदांना आपणहून सही करण्याचं आवाहन केलं, त्यामुळे विजय निर्भेळ नव्हता. तरी पडद्यावर जपून खेळणारा माणूस बाहेर खमका निघाला, हे खरं. चित्रपटाचे गुण त्याने वाढत नाहीत, माणसाचे वाढतात.

आता अभिनेत्रीच्या ऑस्करचा जुना वाद. डेव्हिस, स्वॉन्सन, अ‍ॅन बॅक्स्टर (‘ईव्ह’मधली ईव्ह), ‘केज्ड’ची एलिनॉर पार्कर, आणि जिंकली ‘बॉर्न यस्टर्डे’ची ज्यूडी हॉलिडे. एकाच चित्रपटातल्या डेव्हिस आणि बॅक्स्टरमध्ये मतं फुटली असं सर्रास म्हणतात. असेल, अकादमी मतांचे आकडे जाहीर करत नाही, त्यामुळे कितीही भांडा. हॉलिडेला मात्र उगाच शिव्या घालतात. पत्ते खेळण्याचा तिचा प्रसंग बघा, तोंडातून फारसा शब्द न काढता ती सहनट ब्रॉडरिक क्रॉफर्डची पार दमछाक करते. माझं मत स्वॉन्सनलाच गेलं असतं, पण हॉलिडेला मिळालं म्हणून मी कपाळाला हात लावणार नाही.

तर तो तिसरा चित्रपट: निकोलस रेचा ‘इन अ लोन्ली प्लेस’. नामांकनं शून्य. इथेही नायक हॉलिवुडचा पटकथालेखकच. हम्फ्री बोगार्ट, आणि चित्रपट त्याच्या स्वतःच्या सॅन्टाना कंपनीचा. एका मुलीचा खून होतो, संशय याच्यावर. शेजारीण लॉरेल (ग्लोरिया ग्रॅहम) त्याच्या बाजूने साक्ष देते, प्रेमात पडते, आणि मग तिलाच भीती वाटू लागते. मूळ कादंबरीत नायक खरोखरच खुनी आहे. चित्रपटाने ते बदललं आणि प्रश्न जास्त अवघड केला. खून यानेच केला का, यापेक्षा हा माणूस तो करू शकला असता का, हे महत्त्वाचं होऊन बसतं. रे आणि ग्रॅहम नवराबायको होते, चित्रीकरण चालू असतानाच त्यांचा संसार मोडत होता, आणि सेटवर ते कुणाला कळू दिलं नव्हतं. लिहिलेला शेवट रेने चित्रित केला, त्याला तो पटला नाही, आणि नटांना घेऊन त्याने तिथल्या तिथे दुसरा घडवला. तो शेवट कुठला ते सांगत नाही. ‘सनसेट’मधल्या वेडाला निदान महाल आहे, नाट्य आहे, जिन्यावरून उतरणं आहे. इथे दोन खोल्यांची घरं, एक अंगण आणि बोगार्टचा चेहरा. पडद्यावरचा लाडका कणखर पुरुष घरी आला तर कसा असेल, हे त्या पुरुषानेच स्वतःच्या पैशाने दाखवलं. माझ्या निकषावर 1950 चा पहिला नंबर याचा.

बाकीचे पटापट. ‘द अ‍ॅस्फाल्ट जंगल’ दरोड्याच्या चित्रपटांचा बाप, आणि ‘ईव्ह’मध्ये छोट्या भूमिकेत दिसणारी मर्लिन मन्रो इथेही आहे, दोन्हीकडे काही मिनिटं आणि दोन्हीकडे नजर तिच्यावरच. ‘गन क्रेझी’ जरूर बघा: अख्खा बँक दरोडा गाडीच्या मागच्या सीटवरून एका सलग शॉटमध्ये. त्याच्या पटकथेत ‘हॉलिवुड टेन’पैकी डाल्टन ट्रम्बोचा हात होता, पण कम्युनिस्ट ठरवलेल्यांना काम न देण्याच्या काळ्या यादीमुळे नाव दुसऱ्याचं लागलं. अँथनी मानचा ‘विंचेस्टर 73’ वेस्टर्न न आवडणाऱ्यांनाही चालेल. सर्वोत्तम चित्रपटाच्या नामांकनांत ‘फादर ऑफ द ब्राइड’ आणि ‘किंग सॉलोमन्स माइन्स’ही होते, पहिला गोड आहे, दुसऱ्यात जनावरं छान आहेत.

आणि ‘द थर्ड मॅन’ का नाही, असं कुणीतरी विचारणारच. तो ब्रिटिश चित्रपट आहे, 1949 चा, कान महोत्सवात त्याच वर्षी गौरवलेला. त्यात अमेरिकेतल्या सेल्झनिक या निर्मात्याचा वाटा असला तरी तो हॉलिवुडपट होत नाही. अमेरिकेत 1950 मध्ये लागला म्हणून ऑस्करच्या त्या वर्षीच्या शर्यतीत आला, आणि कृष्णधवल छायाचित्रणाचं ऑस्कर ‘ईव्ह’ आणि ‘सनसेट’ दोघांच्या हातातून रॉबर्ट क्रॅस्कर घेऊन गेला. तिथे अकादमीशी माझं भांडण नाही.