जुनी क्लासिक की नवी पिकअप? आधी हे बघ

मित्रा, दोन्हीचे हॉर्सपॉवर शेजारी शेजारी ठेवून ठरवू नकोस, तिथेच बरेच जण फसतात. 1965 च्या फोर्ड मस्टँग या क्लासिक गाडीच्या 4.7 लिटर व्ही8 (आठ सिलेंडरच्या) इंजिनला 200 लिहिलेले असतात पण ते ग्रॉस, म्हणजे इंजिन नुसतं स्टँडवर ठेवून, गाडीचा सायलेन्सर वगैरे न लावता मोजलेले, अमेरिकन कंपन्या नेट, म्हणजे सायलेन्सर वगैरे सगळं लावून मोजलेले आकडे 1972 पासून द्यायला लागल्या. आत्ताच्या फोर्ड एफ-150 पिकअपचं 2.7 लिटर टर्बो इंजिन सव्वातीनशेच्या आसपास देतं आणि तेही नेट! त्यामुळे ताकद, ओढ, सामान हेच हवं असेल तर पिकअप घे, विषय संपला.

पण चालवायची मजा हवी असेल तर मी जुनीच म्हणेन, हलकी गाडी, स्टिअरिंग हातात घेतलं की कळतं. फक्त ब्रेकचं डोक्यात ठेव, बेसिक मॉडेलला चारही चाकांना ड्रम, उतारावर सारखे दाबले की तापतात आणि मग पेडल दाबूनही गाडी लवकर थांबत नाही, एबीएस नाही, एअरबॅग नाही. पुढे डिस्क बसवून घेच, यात पैसे वाचवू नकोस.

आणि घेण्याआधी गंज बघ रे, चकचकीत पेंट बघून भुलू नको. पुढच्या काचेखाली हवेची जाळी असते, तिच्यात बाटलीभर पाणी ओत, मग कार्पेट उचलून पायाशी हात लाव. ओलं लागलं तर आतला पत्रा सडलाय, आणि ते काम वेल्डिंगचं, मोठं असतं, भाव त्या हिशोबाने पाड नाहीतर सरळ दुसरी गाडी बघ.