ट्रेलरचा ब्रेक कंट्रोलर घेताय? थांबा जरा

हा कंट्रोलर गाडीत बसतो आणि ट्रेलरच्या इलेक्ट्रिक ब्रेकला करंट देतो. म्हणून आधी ट्रेलरखाली वाकून बघा. चाकामागून दोन वायरी बाहेर येतात का? येत असतील तरच ड्रममध्ये इलेक्ट्रिक ब्रेकचं चुंबक आहे. नुसता धक्क्यावर चालणारा हायड्रॉलिक ब्रेक असेल, तर हा साधा कंट्रोलर घेऊन उपयोग नाही.

दोन प्रकार मिळतात. टाइम-डिलेवाला स्वस्त, पण तुम्ही पॅडल हळू दाबा की जोरात, तो ठरल्या वेगानेच करंट वाढवत नेतो. प्रपोर्शनलवाल्यात सेन्सर असतो, गाडी जितकी जोरात थांबते तितकाच ट्रेलर आवळतो. इंदूरहून खंडव्याकडे भेरू घाट उतरायचा असेल तर माझं मत सरळ आहे: दुसराच घ्या. बसवताना मात्र मॅन्युअलमध्ये दिलेल्या कोनातच बसवा.

वायरिंगमध्ये बहुतेक ठिकाणी काळी बॅटरीला, पांढरी अर्थिंगला, लाल ब्रेकलाइटच्या स्विचला, निळी ट्रेलरकडे. तरी रंगावर विसंबू नका, टेस्टर लावा. पांढरी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला न्या. मी आळस करून डॅशबोर्डखालच्या एका गंजक्या स्क्रूला लावली होती, घाटात ट्रेलर मागून ढकलतोय, आणि बायको विचारतेय, "अहो, एवढे घामाघूम का?" काळ्या वायरीत बॅटरीजवळ सर्किट ब्रेकर हवाच, दोन अ‍ॅक्सलपर्यंत साधारण 20 अँपिअरचा.

शेवटी गेन, म्हणजे ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागावेत त्याची सेटिंग. रिकाम्या सरळ रस्त्यावर ताशी 40 किमीला नुसता कंट्रोलरवरचा हाताचा लिव्हर दाबा. ट्रेलरची चाकं लॉक होऊन घासली की गेन थोडा कमी करा. सामान भरलंत की पुन्हा तेच.